तुम्ही ठेवलेला हात

काकाजी,

मंगळवारी तुमच्या उठावण्याच्या शोकसभेला मी अर्धा तास आधी पोचले. सतरंज्या अजून घालायच्या होत्या. तुमचा फोटो खुर्चीवर ठेवला होता आणि त्याला घालायचा हार यायचा होता. तुम्ही असता तर चष्म्यावरून बघून म्हणाला असता, "आली का पळत?" आणि मी नेहमीसारखी चिडले असते. परवा चिडायला कोणी नव्हतं, म्हणून मी सतरंज्या घालू लागले.

नंतर लोक आले, बसले. दोघं-तिघं बोलले. तुम्ही सचोटीचे होता, मंदिरातल्या पूजेला तुमची ढोलकी कधी चुकली नाही, मंगरूळपीरच्या स्टँडसमोरचं तुमचं कापडाचं दुकान किती जुनं, असं सगळं. सगळं खरंच होतं. पण त्या दुकानाच्या गादीवर, पॉपलिन आणि अस्तराच्या ताग्यांमध्ये बसवून तुम्ही आम्हा पोरापोरींना लय शिकवलीत, हे कोणी बोललं नाही. मी उठून सांगायला हवं होतं. उठले नाही, कारण उठले असते तर मला तुमच्याशी झालेलं भांडणही सांगावं लागलं असतं.

आपली ओळख भांडणानेच झाली. मी आठवीत होते. शाळा चारला सुटायची आणि आमच्या गावाची बस पाचला. तो तास मी तुमच्या दुकानाच्या पायरीवर काढायची आणि बसची वाट बघत जेवणाचा डबा बडवायची. तीन दिवस तुम्ही सहन केलंत. चौथ्या दिवशी आतून आवाज आला.

"काहून बडवून राह्यली वं?"

"बस येऊन नाई राह्यली."

"तू बडवल्यानं येते का?"

मी डबा पिशवीत टाकला. तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकापुढे कापड मोजत होता. लोखंडी मीटर डाव्या हातात, कापड उजव्यात. मोजता मोजताच म्हणालात, "बडवायचंच असन तं एकसारखं बडव. आत ये. मी मोजतो, तू म्हण."

पहिला धडा तो. तुमचा हात मीटरच्या टोकाला लागला की मी "एक" म्हणायचं, पुन्हा लागला की "दोन". गिऱ्हाईक मधेच बोलायचं, भाव विचारायचं, तुम्ही उत्तर द्यायचा, पण हात तसाच चालायचा, अगदी एका चालीत. मी मात्र गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकत बसायची आणि माझा "सहा" तुमच्या सातव्या मीटरवर पडायचा. तुम्ही हसायचा नाही, रागवायचा नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा एकपासून.

मग आल्या तुमच्या कापडाच्या मात्रा. हे मी आजवर कुठल्याच पुस्तकात वाचलं नाही. एका मीटरला एकदा "सूत" म्हणायचं. ती एक मात्रा. त्याच एका मीटरात "मल-मल" बसवायचं. त्या दोन अर्ध्या. त्याच एका मीटरात "न-ऊ-वा-री" बसवायचं. त्या चार पाव. आणि "सूऽऽत" म्हणून दोन मीटर ओढायचं, म्हणजे एकच अक्षर दोन मात्रा उभं. शिवाय एक मुकं माप होतं. हात मोजणार, तोंड बंद. त्या मुक्या मापाला पोरं हसायची. तुम्ही म्हणायचा, "हसू नका, हे बी मापातच हाय."

नऊवारीला मी अडकले. अक्षरं चार झाली की माझा हात धावायचा. सूत, सूत, मलमल इथपर्यंत बरं, आणि नऊवारी आली की मीटर अर्धाच भरायचा. मला वाटायचं जास्त अक्षरं म्हणजे जलद. सगळ्याच नव्या पोरांना असंच वाटतं, हे मला पुढे मास्तरीण झाल्यावर कळलं. तेव्हा मात्र वाटलं की मीच तेवढी मठ्ठ. एक दिवस तुम्ही मांजरपाटाचा एक तुकडा घेतला, बरोबर एक मीटर, आणि माझ्यासमोर त्याच्या चार घड्या घातल्या.

"आता कितीक कापड हाय हे?"

"एवढंसं."

"उलगडून पाय."

मी उलगडलं. मीटरला लावलं. एक मीटरच होतं.

"घड्या घातल्या म्हणून आखूड झालं का? मंग तू कायले पळतं? मात्रेच्या आतल्या घड्या वाढल्या. मात्रा तेवढीच हाय."

तो तुकडा अजून माझ्याकडे आहे. शाळेतल्या कपाटात, खडूच्या डब्याशेजारी. दर जूनमध्ये नव्या पोरांपुढे मी त्याच्या चार घड्या घालते आणि विचारते, आता कितीक कापड हाय हे. दर वर्षी सगळी पोरं एकसुरात म्हणतात, एवढंसं.

ठाय म्हणजे संथ आणि दुरुत म्हणजे जलद, यातला फरक तुम्ही एका दिवशी न शिकवताच शिकवलात. तेव्हा मी दहावीत होते. लग्नाचा मोसम होता, दुकानात गर्दी होती आणि तुमचा हात झपाझप चालला होता. तेवढ्यात एक म्हातारा माणूस पायरीशी उभा राहिला. चपला काढल्या नाहीत, आत आला नाही. मयतीचं कापड हवं होतं. तुम्ही लग्नाचा तागा बाजूला सारलात, पांढरा तागा घेतलात आणि मोजायला लागलात, इतकं सावकाश की लग्नाची गिऱ्हाइकं बोलायची थांबली. पण सावकाश असलं तरी दोन मापांमधलं अंतर एकसारखंच होतं. कात्री न लावता तुम्ही ते हाताने फाडलंत. तो गेल्यावर मी विचारलं, त्याला घाई असेल ना, घरी सगळे वाट बघत असतील.

"ज्याच्यासाठी नेते, त्याले घाई नाई," तुम्ही म्हणालात आणि पुन्हा लग्नाच्या ताग्याकडे वळलात. हात पुन्हा झपाझप चालू लागला.

गाण्याची गती गाण्याकडे बघून ठरवायची असते आणि एकदा ठरली की मग कोणाकडेही बघायचं नसतं. हे वाक्य मी पोरांना सांगते तेव्हा ते माझंच असल्यासारखं सांगते. माफ करा.

आता भांडणाचं सांगते. त्याआधी हाताचं सांगावं लागेल, कारण सगळं तिथेच अडलंय.

तुमच्या शिकवणीत शाबासकी नव्हती. कोणाला कधी "छान" म्हणाला नाहीत. पोरगं ठेका धरायचं आणि तुम्ही मीटरने गादीच्या फळीवर मात्रा द्यायचा, टक्, टक्, टक्. ज्या दिवशी त्या पोराची लय तुमच्या टक्टक्‌शिवाय उभी राहील असं तुम्हाला वाटायचं, त्या दिवशी तुम्ही मीटर खाली ठेवायचा आणि कापडाच्या घड्या घालायला लागायचा. पोरगं एकटंच पुढे जायचं, समेवर यायचं. तेवढंच. आम्ही त्याला "हात ठेवला" म्हणायचो. शेजारच्या शिंप्याच्या अन्वरला तुम्ही तिसऱ्या महिन्यात हात ठेवलात. त्या दिवशी तो बाहेर येऊन उड्या मारत होता. माझ्यासाठी आठवी ते बारावी पाच वर्षांत एकदाही ठेवला नाहीत. पुढे मी डी.एड. केलं, नोकरी लागली, लग्न झालं, किन्हीराजा गावी राहायला गेले. महिन्यातून एकदा शेलूबाजारला बस बदलून तुमच्याकडे येत राहिले. दर वेळी गादीवर बसून तीनताल म्हणायची, दर वेळी तुमचा मीटर टक्टक् करत राहायचा. मी हसून विषय बदलायची. पण बसमध्ये बसल्यावर डोळ्यांत पाणी यायचं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

माझं कुठे चुकतं ते मला ठाऊक होतं. तीनताल म्हणजे सोळा मात्रा, चार-चारच्या चार घड्या. पहिलीवर टाळी, दुसरीवर टाळी, चौथीवर टाळी. तिसरी घडी आली की टाळी नाही, हात नुसता हवेत उघडायचा. ती खाली. सोळा संपून पुन्हा पहिली आली की सम. मी खालीवर धावायची. आवाज नाही म्हणजे तिथे काही नाही, असं माझ्या हाताला वाटायचं आणि मी ती घडी उरकून पुढच्या टाळीला लागायची. "टाळी कोणी बी देते," तुम्ही म्हणायचा. "खालीत जो थांबते, त्याले लय समजली."

आणि अशी मी, जिला लय समजली की नाही हे तुम्ही सांगितलं नव्हतं, ती तीस लेकरांना लय शिकवत होती. मोबाईल घेतला तेव्हा मी त्यात टिकटिक करणारं ते ॲप टाकलं. साठचा आकडा लावला की सेकंदाला एक टिक. काय सोपं झालं म्हणून सांगू. पोरं त्यावर टाळ्या वाजवायची, एकही मागेपुढे नाही. मोठ्या उत्साहाने मी तो तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही एक आवर्तन ऐकलंत आणि मोबाईल उलटा करून ठेवलात.

"हे चुकत नाई. म्हणून हे शिकवत बी नाई."

"काकाजी, तीस लेकरं हाएत. मी तीस मीटर कुठून आणू?"

"एकच ठेव. सारे त्याच्याकडं पाह्यतीन."

"अन् मीच चुकली तं?"

तुम्ही मीटर उचलून कापड मोजायला लागलात. गिऱ्हाईक आलं होतं. पण मला वाटलं, हेच उत्तर आहे.

मग आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन झालं. मी तुम्हाला हट्टाने बोलावलं. काकींना घेऊन तुम्ही आलात, पहिल्या रांगेत बसलात. पोरांनी समूहगीत म्हटलं. मोबाईलवर बसवलेलं गाणं, पण स्टेजवर मोबाईल कसा लावणार? दुसऱ्या कडव्यात पोरं सुटली. किरण नावाची एक पोरगी आहे, ढोलकीवर तीच होती. ती पुढे, बाकीची तिच्यामागे, आणि मी बाजूला उभी राहून हात हलवते आहे, माझाही हात त्यांच्याबरोबर धावतो आहे. टाळ्या पडल्या, लोकांना काही कळलं नाही. तुम्हाला कळलं. माझे हेडमास्तर शेजारी उभे असताना तुम्ही म्हणालात, "गानं चांगलं झालं. पण लेकरं पळाली नाई, वैशू. तू पळाली. ते तुह्या मागं आली."

खरं होतं. म्हणूनच फार लागलं. मी म्हणाले, "इतक्या वर्षांत एक डाव बी बरोबर नाई आलं का मले? एक डाव तरी?" तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलंत, पण मी तोवर चहा सांगायच्या निमित्ताने निघून गेले होते. तुम्ही काय बोलणार होता? हे आता मला कधीच कळणार नाही. आठ महिने मी मंगरूळपीरला आले नाही. दिवाळीलाही नाही. फोन तुमच्याकडूनही आला नाही. तुम्हीही काही कमी हट्टी नव्हता, हे आज लिहूनच ठेवते.

फोन काकींचा आला. "अर्धं अंग गेलं त्याईचं. बोलणं लागत नाई नीट. भेटून जाय."

शनिवारी सकाळची शाळा करून मी आले. मधल्या खोलीत तुमची खाट होती. इतका मोठा माणूस चादरीखाली मला लहान दिसला. मी शेजारी बसले. माफी मागायची ठरवून आले होते, शेलूबाजारपासून वाक्यं जुळवत आले होते. त्यातलं पहिलं म्हणायच्या आत तुम्ही डावा हात चादरीबाहेर काढलात आणि बोटांनी खाटेच्या लोखंडी दांडीवर मात्रा द्यायला लागलात. टक्. टक्. टक्. तुमची चाल तीच, दुकानातली.

मी म्हणायला लागले. धा धिं धिं धा. बसल्या बसल्या, हळू. धा धिं धिं धा. तुम्ही डोळे मिटलेत. खाली आली. धा तिं तिं ता. पहिल्या अक्षरालाच तुमचा हात थांबला. मला वाटलं, खालीचा हात उघडलात. आवाज नसणारच होता. मी ती घडी म्हटली, कधी नव्हे ते सावकाश म्हटली, आणि चौथ्या घडीच्या टाळीसाठी तुमच्या बोटांकडे बघत थांबले. बोटं हलली नाहीत. तुमचा श्वास संथ चालला होता. मला वाटलं झोप लागली. घड्याळात चार वाजायला आले होते, शेलूबाजारची गाडी निघायची वेळ. मी चादर सारखी केली आणि पावलांचा आवाज न करता निघाले. स्टँडपर्यंत पळत गेले. बस मिळाली, खिडकीची जागाही मिळाली.

पुढच्या रविवारी तुम्ही गेल्याचा फोन आला.

परवा लोक उठून गेल्यावर काकींनी मला आत बोलावलं. त्या पाटावर बसल्या होत्या. रडून झालं होतं त्यांचं.

"तू त्या दिवशी काहून उठून गेली वं?"

"त्याईचा डोळा लागला होता, काकी."

"डोळा कुठचा लागला. तू गेली अन् पाच मिनिटानं बोलले. एक एक शब्द, तुले माहीत हाय कसं बोलत होते ते. म्हने, बरोबर होती. म्हने, हात ठेवला मी. अन् मंग हसले. म्हने, सम घेतली नाई तिनं. गेली पळत."

मी काकींच्या मांडीवर डोकं ठेवलं. किती वेळ ते माहीत नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

काकाजी, वीस-बावीस वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्यासमोर झालं आणि मी त्याला खाली समजले. तुमच्या हातावाचून माझी लय चालली होती, आणि मी ती थांबवून तुमच्याकडे बघत राहिले. अन्वर आठवतो. त्याला हात ठेवलात तेव्हा त्याने तुमच्याकडे बघितलंही नव्हतं, तसाच पुढे गेला होता. मला वाटतं, मी रागावले आहे. तुमच्यावर नाही. चार वाजताच्या त्या गाडीवर, आणि जन्मभर गाड्या पकडत आलेल्या माझ्यावर. आणि खोटं कशाला सांगू, या सगळ्याखाली मी खूषही आहे. इतकी खूष की लाज वाटते. बरोबर होती, म्हणालात तुम्ही.

परवा काकींकडून निघाले तेव्हा पावणेचार झाले होते. तुमच्या दुकानाचं शटर ओढलेलं होतं. मी पायरीवर बसले, माझ्या आठवीतल्या जागी. समोर शेलूबाजारची गाडी लागली. कंडक्टर मला ओळखतो, त्याने हाक मारली, "मॅडम, चला." मी मान हलवून नाही म्हटलं. त्याने दोनदा मागे वळून बघितलं. मी गाडी सोडलेली त्याने कधीच पाहिली नसणार. घंटी झाली आणि गाडी वळून गेली. मग मी तुमच्या पायरीवर चौथ्या घडीची टाळी दिली. ता धिं धिं धा. सावकाश, तुमच्याच चालीत. आणि सम घेतली. पुढची गाडी दीड तासाने होती. मी दीड तास तिथेच बसले.

बुधवारी शाळेत गेले. मोबाईल पिशवीतच राहू दिला. कपाटातून मांजरपाटाचा तुकडा काढला, मग टेबलावरची पट्टी उचलली आणि टेबलाच्या कडेवर मात्रा द्यायला लागले. पोरांना गंमत वाटली. एकेकाने उठून तीनताल म्हणायचा. बहुतेक जण लयीतून सुटले, दोघं हसून बसले. मग किरण उठली, तीच ती ढोलकीवाली. पहिली घडी, दुसरी घडी. खाली आली आणि ती पळाली नाही. हात उघडून तिथे उभी राहिली, पूर्ण चार मात्रा. माझ्या पट्टीकडे तिचं लक्षच नव्हतं.

आजवर मी कोणाला हात ठेवला नव्हता. जे मला मिळालं नाही ते मी कुठून देणार, असं वाटायचं.

मी पट्टी टेबलावर ठेवली.

किरणने एकदा माझ्याकडे बघितलं. पण थांबली नाही.